वकीलसाहेबांची खिडकी

सेलूत ज्यांची मुलं अमेरिकेत होती, त्यांना मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला जाण्याआधी आणखी एका खिडकीसमोर उभं राहावं लागे. ती सरकारी नव्हती. स्टेशनकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुमजली घराची ती पुढची खिडकी होती. उभे गज, आतून लाकडी झडप. आत काळा कोट घालून वकीलसाहेब बसत. अर्जदार बाहेर, रस्त्यावर, उन्हात.

घरात बैठक होती, पंखा होता, खुर्च्या होत्या. त्यांचा उपयोग होत नसे. कोणी पायरी चढून आत येऊ लागलं की साहेब आतूनच ओरडत, "खिडकीवर!" मे महिन्यातही कोट निघत नसे. आमच्याकडे मे महिन्यात कोट घालणारा माणूस एक तर वकील असतो नाही तर नवरदेव, असं समोरचा पानवाला म्हणे.

मी त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एका वृत्तपत्राचा तालुक्याचा वार्ताहर होतो. माझ्या खोलीतून ती खिडकी दिसत नसे, पण तिच्यापाशी चाललेलं बोलणं सगळं ऐकू येई. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं असं ऐकलेलं आहे, थोडं पाहिलेलं आहे आणि शेवटचं साहेबांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं आहे.

साहेबांनी सेलूच्या कोर्टात दिवाणीची वकिली केली होती. वाटण्या, बांध, वहिवाट. वडील निजामाच्या काळातले वकील होते, त्यामुळे साहेबांच्या बोलण्यात जबाबाला बयान आणि साक्षीदाराला गवाह हे शब्द राहून गेले होते. वकिली बंद केल्यावर ते दुपारी झोपत नसत, पत्ते खेळत नसत, देवळात जात नसत. देवाचा विषय निघाला की म्हणत, "तो गैरहजर पक्षकार आहे. त्याच्या वतीने फार लोक बोलतात."

खिडकीची सुरुवात मोंढ्यातल्या एका अडत्याच्या पत्नीमुळे झाली. मुलाकडे दोन-तीन महिने राहून यायचं, एवढाच तिचा हेतू होता. वकिलातीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, मुलगा तिकडे काय करतो? ती म्हणाली, "लय मोठ्या नोकरीवर हाय. आता त्याचं कार्ड झालं की आम्हा दोघांना बी कायमचं तिकडंच बोलावणार हाय." अधिकाऱ्याने पासपोर्ट परत दिला. बाई परत आली ती मुलाची बदनामी झाल्यासारखं तोंड करून. साहेबांनी तिला आपल्या खिडकीबाहेर उभं केलं, झालेलं बोलणं जसंच्या तसं म्हणून घेतलं आणि आतून झडप लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं, तयारी करून घेतली आणि पुढच्या खेपेला तिला व्हिसा मिळाला. त्यानंतर मानवत, जिंतूर, गंगाखेड, परभणीहून लोक येऊ लागले. ते फी घेत नसत आणि चहाही देत नसत.

त्यांचं सांगणं थोडकं होतं. तिथला कायदा असं धरून चालतो की तुम्ही कायमचे राहायला आला आहात. तसं नाही हे दाखवण्याचा भार तुमच्यावर. म्हणजे तुम्ही आरोपी नाही, पण सुटलेलेही नाही. कागदांची पिशवी सोबत ठेवा, पण मागितल्याशिवाय उघडू नका. बहुतेक वेळा मागतच नाहीत. विचारलं तेवढंच सांगा. खोटं सांगू नका. साहेबांचं एक वाक्य तर इतक्या वेळा ऐकलं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं: "गवाह खोटं बोलून पडत नाही. न विचारलेलं सांगून पडतो."

मुलाखत संपली की ते म्हणत, "बयान खतम." उत्तरं पटली नाहीत तर गजांतून पासपोर्ट बाहेर येई. पटली तर पासपोर्ट आतच ठेवून ते झडप बंद करत, कारण वकिलातीत होकार असला की पासपोर्ट ठेवून घेतात. नवख्या माणसाला हे माहीत नसे. तो झडप ठोकायला लागे. "साहेब, पासपोर्ट! ओ साहेब, माझा पासपोर्ट!" पानवाला पलीकडून सांगे, "पास झालास लेका, बस खाली."

बोरी गावच्या एक बाई मला चांगल्या आठवतात. साठीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज शेतातून हाक मारणाऱ्याचा. सुनेचं पहिलं बाळंतपण होतं आणि मुलाने बोलावलं होतं.

"कशाला चाललात?" साहेबांनी आतून विचारलं.

"बाळतपण कराया."

"असं म्हणायचं नाही. त्यांना ते काम वाटतं. पाहुण्याला तिथं काम करता येत नाही. नातवाला बघायला चालले म्हणा."

"नुसतं बघाया?" बाईंनी मागे वळून रस्त्यावरच्या लोकांना साक्षीला घेतलं. "ऐका! हितून विमानात बसून जायाचं आन् हाताची घडी घालून लेकराकडं बघत बसायचं. लोक काय म्हणतील?"

"तुम्ही त्याला बघणार आहात की नाही?"

"बघणार की."

"मग तेवढंच सांगा. किती दिवस राहणार?"

"लेकरू मान धरस्तोर."

साहेब हसत असावेत. पण ते हसताना आवाज येत नसे.

"महिने सांगा. आणि परत कशाला येणार?"

"आता हे काय इचारणं झालं साहेब? घरी म्हस हाय. मालकाच्या हाताला ती धार देत न्हाई."

"हे उत्तर बदलू नका," साहेब म्हणाले आणि झडप बंद केली. बाई झडप ठोकू लागल्या.

त्यांना व्हिसा मिळाला. निघण्याआधी सामान तपासायला त्या पिशव्या घेऊन आल्या, कारण साहेबांचा दुसरा अर्धा धडा विमानतळाचा होता आणि तो पहिल्याच्या अगदी उलट होता. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. दार उघडणारा तिकडच्या विमानतळावर बसलेला असतो आणि किती दिवस राहायचं ते तोच ठरवतो. त्याच्यापुढे पिशवीत जे आहे ते सगळं, न विचारताही सांगायचं. बियाणं, ताजी फळं, मांस न्यायचं नाही. सुरक्षा तपासणीतून पाणी नेता येत नाही. बाईंच्या पिशवीतून डिंकाचे लाडू पास झाले. कढीपत्त्याच्या डहाळ्या आणि मुलाला आवडतो म्हणून घेतलेल्या हुरड्याच्या ओल्या कणसांची जुडी खिडकीतच राहिली. संध्याकाळी साहेबांनी ती पानवाल्याकडे पाठवली.

या सगळ्यात एक गोष्ट सगळ्यांना खटके आणि कोणी फारसं बोलत नसे. साहेबांची एकुलती एक मुलगीही अमेरिकेत होती. नवरा-बायको दोघं शिकागोजवळ नोकरी करत. साहेबांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दर दिवाळीला नाही तरी एकाआड एक दिवाळीला येई. साहेब एकदाही गेले नव्हते. एखादा अर्जदार खुशीत येऊन विचारी, "तुम्ही कधी जाणार, साहेब?" त्या दिवशीची खिडकी तेवढ्यावर बंद होई.

कारण मला मुलीनेच सांगितलं. एका दिवाळीत ती जिन्यावर बसली होती, आत साहेब पेपर वाचत होते, आणि तिने आवाज खाली आणण्याची तसदी घेतली नाही.

मुलीला मूल होईपर्यंत आई-बापांनी तिच्या सासरघरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत आमच्या भागात अनेक घरांनी पाळली आणि हळूहळू सोडून दिली. साहेबांनी सोडली नव्हती. ती लग्नानंतर पुण्यात होती तेव्हा ते वर्षातून एकदा जात. जाताना धपाटे बांधून नेत आणि फिरकीच्या तांब्यात सेलूचं पाणी. सोफ्यावर बसत, जावयाशी राजकारणावर बोलत, मग तांब्याची फिरकी उघडून आपलं पाणी पीत आणि रात्रीच्या गाडीने परत निघत. तिने केलेला स्वयंपाक ओट्यावर झाकलेला राही.

"देव मानत नाहीत, मुहूर्त मानत नाहीत. माझं लग्न अमावास्येला लावलं यांनी," ती म्हणाली. "आणि हे पाळतात. बरं, मला मूल नाही. म्हणजे ती फिरकी उघडायची ना, करकर करत, तेव्हा दर वेळी मला सांगितल्यासारखं व्हायचं. अजून नाही. अजून नाही."

आतून साहेबांचा आवाज आला. ते आमच्याशीच बोलत होते, पण पेपर खाली ठेवला नव्हता. "माझ्या आईनं अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी मरेपर्यंत पाणी घेतलं नाही. अक्कालाही मूल नव्हतं. दोघी एका गावात राहायच्या. अक्काच्या दारातून आई तहानेनं परत आलेली मी बघितली आहे. आता मी घेतलं तर आईनं ते सगळं उगाच सोसलं, असं होतं."

मुलगी मला म्हणाली, "बघा. दिवाणी दावा. वादी मरून गेले तरी चालू आहे."

पुढच्या पावसाळ्यात तिच्या गर्भाशयावर शस्त्रक्रिया करायचं ठरलं. गाठी होत्या आणि डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाकायला सांगितलं होतं. तिने साहेबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होतो तेव्हा साहेबांनी मला थांबवून तिचं बोलणं सांगितलं, जबाब वाचून दाखवावा तसं.

"ती म्हणाली, बाबा, आता तुमची अट कधीच पुरी होणार नाही. मला तुम्ही इथं हवे आहात. पण माझ्या घरी पाणी पिणार असाल तरच या."

"मग?"

"मग काय वार्ताहर? अर्ज करतो."

अर्ज जावयाने तिकडूनच ऑनलाइन भरला. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मुलगी करणार, असं त्यात लिहिलं होतं. तारीख मिळाली आणि साहेब काळा कोट पिशवीत घालून मुंबईला गेले. पानवाल्याने त्यांना न विचारता दुकानातला नारळ फोडला. सेलूत त्या दिवशी कोणालाही शंका नव्हती.

ते दुसऱ्या दिवशी परतले आणि झडप बंदच राहिली. चार-पाच दिवस मी खालून आवाज ऐकला नाही. मग एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं.

अधिकारी तरुण मुलगी होती. मराठी शिकून घेतलेलं, पण स्वच्छ. तिने विचारलं, कुठे राहणार? मुलीकडे. का जायचं आहे? तिची शस्त्रक्रिया आहे. किती दिवस? सहा आठवडे. परत का येणार? माझं घर इथं आहे. इथपर्यंत सगळं साहेबांनीच शिकवल्यासारखं. मग तिने विचारलं, "तुमचा खर्च कोण करणार?"

द्यायचं उत्तर दोनच शब्दांचं होतं. साहेब म्हणाले, "राहणं तिच्याकडे. खाणं-पिणं माझं मी बघेन."

तिने विचारलं, कसं? अर्जात तर मुलगी असं लिहिलं आहे.

"मग मी सांगितलं," साहेब म्हणाले. "रीत सांगितली. आई सांगितली. अक्का सांगितली. माझ्यामागे एवढी रांग, आणि मी तांब्या सांगितला तिला. तिनं ऐकून घेतलं. चांगली मुलगी होती. मग म्हणाली, तुमचा अर्ज एक सांगतो आणि तुम्ही एक सांगता. आणि पासपोर्ट दिला परत."

ते वाक्य त्यांनीच म्हटलं, अर्धंच. "न विचारलेलं..."

थोड्या वेळाने ते उठले आणि चपला घालून बाहेर गेले. खिडकीच्या बाहेरून त्यांचा आवाज आला. "झडप उघडा. तुम्ही आत बसा आणि विचारा."

मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. गजांच्या पलीकडे ते कोट न घालता उभे होते. असे मी त्यांना प्रथमच पाहत होतो. त्यांनी पासपोर्ट आत दिला. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. मी ओळीने प्रश्न विचारले आणि त्यांनी ओळीने उत्तरं दिली. मग मी विचारलं, "खर्च कोण करणार?"

त्यांनी गज धरला. समोर पाहिलं, खाली पाहिलं. मी पुन्हा विचारलं. ते उभेच राहिले.

तेवढ्यात बोरीच्या बाई आल्या. अमेरिकेहून परत येऊन त्यांना महिना झाला होता आणि साहेबांसाठी तिकडच्या चॉकलेटचं पाकीट आणलं होतं. साहेब बाहेर आणि मी आत, हे पाहून त्या आधी हसल्या. झडपेबाहेरून आमचं बोलणं ऐकलेल्या पानवाल्याने त्यांना दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. तेव्हा त्या हसायच्या थांबल्या आणि साहेबांजवळ गेल्या.

"लय बराबर केलं साहेब तुमी," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरचं पाणी घिऊ न्हाई. म्या लेकाकडं गेल्ते म्हणून चाललं. लेक असती तर मी बी तांब्याच नेला असता. व्हिसा गेला तर जाऊ द्या. तिला लेकरू झाल्यावर जाता यील की."

"तिला लेकरू होणार नाही," साहेब म्हणाले.

हे त्यांनी रस्त्यावर उभं राहून, चारचौघांत म्हटलं. मुलीच्या दुखण्याबद्दल ते कोणाशी बोलले नव्हते. मलाही त्यांनी फक्त फोनचं बोलणं सांगितलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर सावरला. मग त्यांनी विचारलं, आणि विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं आणि साहेबांना रीत माहीत आहे म्हणून त्या विचारत होत्या.

"मंग कधीच न्हाई व्हय, साहेब?"

कोर्टात असा प्रश्न आला असता तर साहेबांनी हरकत घेतली असती. इथे त्यांना हरकत घेता आली नाही. पासपोर्ट माझ्या हातात होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यांनीच गजांतून हात आत घातला.

"द्या परत. व्हिसा अजून मिळालेला नाही."

नकारानंतर पुन्हा अर्ज करायला बंदी नसते. पण साहेबच लोकांना सांगत, परिस्थितीत काही बदललं असेल तरच जा, नाहीतर त्याच खिडकीत तेच उत्तर मिळतं. त्यांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा मी त्यांना विचारलं, काय बदललं? बातमीदाराची सवय.

दरम्यान मुलीची शस्त्रक्रिया होऊन गेली. जावयाचा फोन आला तेव्हा साहेब खिडकीत बसले होते. बाहेर कोणी नव्हतं. "शुद्धीवर आली," एवढं त्यांनी मला वर ओरडून सांगितलं.

दुसऱ्या मुलाखतीला ते कोणाला न सांगता गेले. या वेळी अधिकारी पुरुष होता. आधी नकार का मिळाला, हे त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "माझं उत्तर चुकलं होतं." खर्च कोण करणार? "माझी मुलगी." त्याने पासपोर्ट ठेवून घेतला. साहेब सेलूला परतले ते मोकळ्या हाताने. पानवाल्याने ते हात पाहिले आणि नारळाकडे वळला. साहेब म्हणाले, "राहू दे. मागचा वाया गेला."

निघण्याच्या दिवशी स्टेशनवर पंधरा-वीस माणसं होती. बोरीच्या बाईही होत्या. एक सुटकेस आणि खांद्याला कापडी पिशवी, इतकंच सामान. पिशवीच्या तोंडातून फिरकीच्या तांब्याचं पितळी झाकण दिसत होतं. ते सगळ्यांनीच पाहिलं. गाडी सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "नेलाच शेवटी." त्यांच्या आवाजात समाधान होतं की वाईट वाटणं, ते मला ठरवता आलं नाही. मुलीची अट त्यांना माहीत नव्हती. मला होती. तांब्या पाहिल्यावर मी तिला फोन करावा की नाही याचा विचार करत घरी आलो. केला नाही.

आठवड्याने तिचाच फोन आला. वीजबिलाचं काहीतरी विचारायचं होतं. ते झाल्यावर तिने साहेब पोचले त्या दिवसाचं सांगितलं.

साहेबांना आणायला जावई गेला होता. तिला अजून जिना उतरायची मनाई होती. विमानतळावर अधिकाऱ्याने पिशवीत काय आहे विचारलं, तेव्हा साहेबांनी सगळं सांगितलं: कपडे, औषधं, डिंकाचे लाडू, पाण्याचं भांडं. त्याने तांब्या उचलून हलवून पाहिला आणि परत दिला.

घरी आल्यावर ते तिच्या पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि तांब्या काढला.

"मी भिंतीकडे तोंड केलं," ती म्हणाली. "मला तो आवाज नको होता. पण आला. करकर. म्हटलं, झालं. एवढ्या लांबून तेच करायला आले. आणि मग काहीच ऐकू येईना. पाणी प्यायचा आवाज नाही, काही नाही. मी वळून बघितलं तर झाकण मांडीवर ठेवलेलं आणि तांब्या माझ्याकडे धरलेला. आत कोरडा. सेलूहूनच कोरडा आणला होता त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भरून दे."

तिला उठायला वेळ लागला. जावई पुढे आला तर साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. ती भिंत धरत स्वयंपाकघरात गेली, नळाखाली तांब्या धरला, भरला आणि दोन्ही हातांनी आणून दिला. साहेब खुर्चीवरून उठले आणि उभ्यानेच प्यायले.

"सगळा?" मी विचारलं.

"सगळा. मग म्हणाले, तुझ्या पाण्याला क्लोरीनचा वास आहे."

साहेब दिलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी परत आले. खिडकी पुन्हा सुरू झाली, कोटही. विचारलेलंच सांगा, खोटं सांगू नका, कागद पिशवीत ठेवा. एकदा गंगाखेडहून एक गृहस्थ आले. मुलीकडे निघाले होते. खर्च कोण करणार, या प्रश्नावर ते अडले आणि जीभ चावून म्हणाले, "साहेब, लेकीचं कसं काय सांगायचं?" मी वर ऐकत होतो. मग साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू, आणि तो माणूस उत्तर देईपर्यंत झडप उघडी ठेवली.

दिवाळीत मुलगी येणार होती. स्वयंपाकघराच्या फळीवर तांब्याची जागा रिकामी होती. पितळ तिकडे काळं पडतं, तिला घासायला सांगितलं आहे, असं साहेब म्हणाले.